डावीकडचं मागचं चाक

सुरभी गेल्याचं हरेशला कळलं तेव्हा तो कंपनीच्या गेटवर उभा होता, आणि कळायच्या आधी त्याच्या तोंडून जो प्रश्न निघाला तो गाडीबद्दलचा होता.

रोह्याशेजारच्या धाटावच्या त्या कंपनीत मोबाईल आत न्यायचा नाही. गेटवर जमा करायचा, शिफ्ट संपली की घ्यायचा. हरेश बॉयलरवर होता. वॉचमन धावत आला, म्हणाला, "मामा, तुमचा फोन थांबतच नाय. पेणवरून हाय कुणाचा तरी." हरेश हेल्मेटसकट गेटवर गेला. फोन सुशीलचा होता. सुशील म्हणजे हरेशच्या बायकोचा, सुरभीचा, धाकटा भाऊ. सुरभी त्या दिवशी सकाळी आपली पिवळी गाडी घेऊन पेणला माहेरी गेली होती.

"काय झालं? ठोकली का गाडी?" हरेशने विचारलं.

"गाडीला काय नाय झालं, भावोजी," सुशील म्हणाला. "गाडी दारात हाय." मग म्हणाला, "ताई गेली."

आईकडे पोहोचली, चहा घेतला, डोकं दुखतंय म्हणाली, खाटेवर आडवी झाली. आई मागच्या अंगणात वाल सोलत होती. हाक मारायला आली तेव्हा सगळं आटपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत शीर फुटली. कुणी काही करू शकलं नसतं, असंही म्हणाले.

कंपनीतली पोरं म्हणाली, मोटारसायकल नको, आम्ही सोडतो. हरेशने ऐकलं नाही. रोह्याहून नागोठणं, नागोठण्याहून वडखळ, वडखळहून पेण, इतका रस्ता तो चालवत गेला आणि त्यातलं त्याला काहीच आठवत नाही. सासरवाडीच्या गल्लीत शिरल्यावर दाराशी उभी असलेली गाडी तेवढी आठवते. बॉनेटला हात लावून पाहिला. उन्हाने तापलं होतं, पण आधी त्याला वाटलं, आत्ताच आलीय ती.

गाडी सुरभीची होती, अगदी कागदावरसुद्धा. रोह्याजवळ वरशाला दोघांचं घर होतं, तिथेच ती ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. तालुक्यातल्या कितीतरी बायकांच्या हातात तिने स्टिअरिंग दिलं होतं. शिकवायला एक साधी अल्टो होती, दोन्हीकडे ब्रेक असलेली. पिवळी गाडी मात्र फक्त तिची. दोन सीटची, उघड्या छपराची, बुटकी, फायबरच्या बॉडीची स्पोर्ट्‌स कार. गोव्यात एके काळी थोड्याच बनल्या होत्या, मग बंद पडल्या. अलिबागकडच्या एका बंगल्यात झाडाखाली पडून होती. तिथून तिने ती ओढत आणली आणि स्वतः मागे लागून उभी केली.

मुळात त्या गाडीची चाकं अरुंद होती. एकदा खांब गावाच्या वळणावर ओल्या रस्त्यात मागची बाजू सटकली आणि गाडी गोल फिरली. लागलं नाही कुणाला. पण घरी येऊन सुरभी म्हणाली, हिला रुंद चाकं हवीत. महिनाभरात मुंबईहून रुंद रिमं आणि रुंद टायर आले. गाडी जमिनीला धरून पळायला लागली. ती खूश. मग एका रविवारी हरेश शेजारी बसला आणि पहिल्याच गतिरोधकावर डाव्या बाजूने मागून आवाज आला. खर्रर्र. रबराचा वास आला.

हरेश म्हणजे चांगला धिप्पाड माणूस. सुरभी त्याच्या निम्म्याने. ती एकटी असली की गाडी मागे उंच राहायची. हा डावीकडे बसला की तो कोपरा खाली जायचा आणि चाक मडगार्डच्या कडेला घासायचं. चाक आत सरकवावं तर आतल्या शॉकॲब्सॉर्बरला टेकायचं. स्प्रिंगमध्ये रबर भरलं तर गाडी बेडकासारखी उड्या मारायची. पत्र्याची गाडी असती तर कड गरम करून आत वळवली असती, पण फायबर वळत नाही, तडकतं.

तेव्हापासून दोघं पेणला निघाले की ती पुढे पिवळ्या गाडीत आणि हा मागे मोटारसायकलवर. लोक हसायचे. नागोठण्याला चहाला थांबले की टपरीवाला म्हणायचा, "काय हो, भांडलाय काय?" सुरभी म्हणायची, "भांडलो नाय. यांचं वजन उतरायची वाट बघतेय." जुनी चाकं परत लावायला ती तयार नव्हती. "दोघं बसलो तरी घासायला नको, असं करू," म्हणायची. "करू सावकाश."

सगळे विधी झाले. हरेश परत शिफ्टला जायला लागला. गाडी पेणलाच, सासूच्या दारात राहिली.

घरात त्याला बसवेना. पहिली पाळी संपली की तो मोटारसायकल काढायचा आणि पेणला यायचा. गाडीवरचं प्लास्टिक काढायचा, टायरमधली हवा बघायचा, परत प्लास्टिक टाकायचा. ओट्यावर बसायचा, उठायचा, गल्लीच्या टोकाला जाऊन यायचा. सासू कृष्णाबाई आतून चहा आणायची.

"जावईबापू, बसा ना जरा."

"बसलोय की आई."

"बसलाय नाय, टेकलाय. कावळ्यासारखं."

चहा अर्धा टाकून तो परत रोह्याला जायचा. घरी जाऊन कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, आणि उद्या कधी निघायचं याचा विचार करायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, गाडी बघून येतो.

एका संध्याकाळी सुशील म्हणाला, "भावोजी, रविवारी पुण्याचा माणूस येतोय."

"कोण?"

"गाडीवाला. मी बोललो होतो ना तेराव्याला. तुम्ही व्हय म्हणालात."

हरेशला काहीच आठवेना. त्या दिवसांत तो सगळ्यालाच हो म्हणत होता.

"जुन्या गाड्या जमवतो तो," सुशील म्हणाला. "चांगला माणूस हाय. फक्त त्याला मूळची चाकं पायजेत, ती अरुंद. माळ्यावर हायत ना तुमच्या? ती लावून द्यायची आणि मोकळं व्हायचं. रोज ऐंशी किलोमीटर मोटारसायकल हाणताय. आई मला बोलते, एक गेली, दुसऱ्यालाही रस्त्यावर घालवू नको."

"त्यात आईचं काय..."

"आईचंच तर हाय. दारातनं ती गाडी तिला रोज बघावी लागते."

हरेश गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "ती चाकं तिने काढली होती. परत लावायची नाहीत, म्हणाली होती."

"मग काय करायचं?"

"दोन माणसं बसली तरी घासायला नको, असं करायचं. तिचं तेवढंच काम राहिलंय."

"आणि बसणार कोण दोन माणसं?" सुशीलच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याने जीभ चावली.

हरेशला राग आला नाही. हाच प्रश्न तो स्वतःला रोज वडखळच्या पुलाखाली विचारत होता. "असं कर," तो म्हणाला. "रविवारपर्यंत घासायची थांबली तर गाडी माझ्याकडे राहील. घासत राहिली तर मी स्वतः जुनी चाकं लावून देतो. मग बोलणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

सुशीलचा गणपतीचा छोटा कारखाना होता, घराच्या मागेच. दुसऱ्या दिवशी हरेश आला तेव्हा त्याने शाडूचा ओला गोळा कालवून ठेवला होता. मेहुण्याला गाडी नको होती, पण एकदा हात घातल्यावर काम नीट करायची त्याची सवय होती. मडगार्डच्या आतल्या कडेला त्याने बोटाबोटाने शाडू चिकटवला. डाव्या सीटवर मिठाच्या दोन गोण्या टाकल्या आणि गाडी गल्लीतल्या गतिरोधकावरून नेऊन आणली. जिथे टायर टेकला होता तिथे माती चेपून कागदासारखी पातळ झाली होती.

"हे बघा," सुशील म्हणाला, "इथून इथपर्यंत. बाकी कुठेच लागत नाय. एवढी कड गेली की झालं."

"कापली की कमजोर होणार."

"मग परत फायबर लावून घ्यायचं. पुंडलिक हाय ना."

पुंडलिक खाडीकाठी होड्या दुरुस्त करायचा. पूर्वी लाकडाच्या, आता सगळ्या फायबरच्या. त्याच्या शेडमध्ये दोन होड्या उलट्या घालून ठेवल्या होत्या आणि सगळीकडे रेझिनचा उग्र वास होता. सुशीलने गाडी तिथे नेऊन लावली. पुंडलिकने कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"ही होडी कुणाची?"

"ताईची," सुशील म्हणाला.

पुंडलिकचा चेहरा बदलला. "सुरभीची? माझ्या सुनेला स्कूटर शिकवली रे तिने. पैलंच नाय का सांगायचं!" आणि तो लगेच खाली बसला, शाडूचे ठसे बघायला.

हरेशने त्याला सगळं सांगितलं. किती कापायचं, कुठून कापायचं, कड गोल ठेवायची. पुंडलिक हो हो करत होता. ग्राइंडर लागला, फायबरचा पांढरा धुरळा उडाला, कापलेली पट्टी खाली पडली. हरेशला ते बघवेना. त्याला वाटलं, ही पट्टी कापायला तिने परवानगी दिली नव्हती. तो शेडच्या बाहेर आला. बांधावरून चालत गेला. परत आला. आत ग्राइंडर चालूच होता. मोटारसायकल काढली आणि उगाचच पेणच्या एसटी स्टँडपर्यंत जाऊन आला. तिथून परत फिरला तो सासूकडे गेला, पाणी प्यायला, बसला नाही. शेडवर पोहोचेपर्यंत पुंडलिक हात पुसत होता.

"झालं. दोन थर फायबरची मॅट घातलीय. हत्ती बसला तरी तुटणार नाय."

मडगार्ड बाहेरून गुळगुळीत होतं. कुठे काही केल्याचं दिसतही नव्हतं. हरेशने समाधानाने हात फिरवला.

सुकल्यावर मिठाच्या गोण्या परत डाव्या सीटवर आल्या. सुशील चालवायला बसला, हरेश आणि पुंडलिक मागे चालत निघाले. खाडीच्या रस्त्याला एक उंचवटा होता. गाडी त्यावरून गेली आणि आवाज झाला. पहिल्यापेक्षा मोठा. टायरमधून काळा भुगा उडाला.

सुशील उतरला. तिघंही खाली वाकले. हरेशने हात आत घातला आणि त्याला कळलं. कड कापून जेवढी जागा मोकळी झाली होती तेवढ्याच जागेत आतून फायबरचे दोन जाड थर बसले होते. उलट थोडे जास्तच.

"आतून का लावलंस?" त्याने विचारलं.

"मग काय भायेरून लावू?" पुंडलिक म्हणाला. "होडीला ठिगळ आतूनच असतं. भायेर राहिलं की पाणी अडतं, होडी खेचते."

"ही पाण्यात जाणार आहे का?"

"आता मला काय म्हाईत! बूड दिसलं की मी आतून लावतो. पंचवीस वर्षं आतूनच लावतोय."

"अरे बाबा, आत चाक आहे!"

"चाक हाय ते मला दिसलं. तुमी हुभे राहिला असता तर बोलला असता ना! तुमी कुठं गेलता? एसटी मोजायला?"

सुशील हसायला लागला. हसता हसता खाली बसला. पुंडलिकलाही हसू फुटलं. हरेशला आधी वाटलं आपण ओरडणार, पण तोही हसला, आणि हसताना त्याचा आवाज मध्येच फाटला. पुंडलिकने ग्राइंडरची वायर उलगडली. "आतलं सगळं काढतो," तो म्हणाला. "भायेरून लावतो. पण दिसंल हां. सुजल्यासारखं दिसंल."

"दिसू दे."

या वेळी हरेश हलला नाही. पाय हलत होते, हात खिशात जात येत होते, पण तो तिथेच उभा राहिला. पुंडलिक विचारायचा, "एवढं?" आणि हा सांगायचा, "अजून थोडं." कड बाहेरच्या बाजूला ओठासारखी उभी राहिली. रंग नव्हता, नुसता राखाडी फुगवटा. पिवळ्या गाडीचा एक गाल तंबाखू धरल्यासारखा दिसायला लागला.

शनिवारी सकाळी गोण्या टाकून परत गाडी काढली. उंचवट्यावर आवाज नाही. परत नेली, आवाज नाही. शाडूवर टायरची नुसती पुसट रेघ उमटली होती.

"झालं, भावोजी," सुशील म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता की नाही ते त्यालाही ठाऊक नसावं. "जिंकलात तुम्ही."

"नाही झालं. गोणी हलत नाही. माणूस वळणावर झुकतो, खड्ड्यात आपटतो. माणूस बसला पाहिजे."

"मग बसा तुम्ही. मी चालवतो, चला."

"तू नको."

"का?"

"तू गणपती नेल्यासारखी चालवतोस. हात मोडेल, सोंड मोडेल अशी. तशी चालवली तर कुठलीच गाडी घासणार नाही."

सुशीलला लागलं असेल, पण ते खरं होतं. आयुष्यभर त्याने टेम्पोत मूर्ती वाहिल्या होत्या. "ताईसारखी चालवणारं माणूस आता कुठून आणायचं?" तो म्हणाला.

हरेशने फोन हातात घेतला आणि परत खिशात टाकला. त्याला एक माणूस ठाऊक होतं. गेले दोन दिवस ते नाव मनात येत होतं आणि तो ते बाजूला सारत होता. सुरभीच्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं त्याला बघायचं नव्हतं. सुशील बसला ते वेगळं, तो तिचा भाऊ, आणि गल्लीपुरता. पण दुसरा मार्ग नव्हता. त्याने राणीला फोन लावला.

राणी रोह्याजवळच्या कातकरवाडीतली. वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातली मुलगी. सुरभीने तिला गाडी शिकवली, लायसन्सच्या परीक्षेला स्वतः घेऊन गेली. आता ती पिकअप चालवायची, रोह्याकडची भाजी पेणच्या बाजारात आणायची. शनिवार तिचा बाजाराचा दिवस होता. दुपारी पिकअप खाली करून ती थेट सासूच्या दारात आली. केसाला आंबाडीची पानं चिकटलेली होती. गाडीपाशी येऊन थांबली.

"मॅडमच्या सीटवर बसू?" तिने विचारलं.

"बस," हरेश म्हणाला. ते म्हणायला त्याला वेळ लागला.

"नको दादा. मला नाय जमायचं."

"राणी, मला डावीकडे बसायचंय. कुणीतरी तिच्यासारखी चालवायला हवी. दुसरं कुणी नाहीये."

कृष्णाबाई दारातून बघत होती. ती म्हणाली, "बस गो पोरी. काय चावते काय गाडी?"

राणीने चपला काढून बाहेर ठेवल्या. सुरभी गाडी चालवताना चपला काढायची, हे हरेशला तेव्हा आठवलं. सीट सरकवायची गरज पडली नाही, राणीची उंची तेवढीच होती. तिने आरसा बघितला, गियर हलवून बघितला, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "आरसा, गियर, मागचं." सुरभी शिकवताना हेच म्हणवून घ्यायची. हरेश डावीकडे बसला. गाडीचा मागचा कोपरा खाली गेला.

"आवाज आला की थांबू?" राणीने विचारलं.

"थांबू नको. कुठेच थांबू नको. ती नाही थांबायची."

पेणच्या बाहेर पडेपर्यंत गर्दी होती. मग रस्ता मोकळा झाला आणि राणीने गाडी सोडली. हरेशचा एक हात दाराच्या बाहेर, मागच्या मडगार्डवर टेकवलेला होता. फायबरमधून इंजिनाची थरथर हाताला लागत होती. त्याचं सगळं लक्ष मागे होतं. पहिला गतिरोधक आला. राणीने सुरभीसारखाच शेवटच्या क्षणी ब्रेक दाबला आणि सोडला. गाडी उडाली आणि बसली.

काही नाही.

"आला?" राणी ओरडली. वारा होता.

"नाही. चल."

एक ट्रक मागे टाकला, वळण आलं, हरेश बाहेरच्या बाजूला झुकला, त्याचं सगळं वजन त्या चाकावर गेलं. तरी काही नाही. रस्त्याचं काम चालू होतं तिथे खड्डे होते. राणीने एकही चुकवला नाही.

"मॅडम म्हणायच्या," ती म्हणाली, "दादा बसले की गाडी रडते."

"काय म्हणायची?"

"रडते म्हणायच्या. आम्हाला हसायला सांगायच्या. अल्टोमध्ये कुणी जाडं माणूस शिकायला आलं की म्हणायच्या, हे आमच्या हरेशसारखं, गाडी रडवणारं."

हरेशला ही गोष्ट ठाऊक नव्हती. वर्गात आपलं नाव निघायचं, बायका आपल्यावर हसायच्या, आणि आपण बॉयलरवर उभे असायचो. त्याला अजून विचारायचं होतं, अजून काय काय म्हणायची. पण वडखळ आलं होतं आणि राणीने गाडी वळवली. येतानाही चाक घासलं नाही.

दारात उतरल्यावर राणीने चपला पायात घातल्या, डोळे पदराला पुसले, आणि पिकअपकडे चालायला लागली. "लाकडं न्यायचीत अजून," म्हणाली. चहालाही थांबली नाही.

सुशीलने खिशातून फोन काढला. बाजूला जाऊन पुण्याच्या माणसाशी बोलला. परत येऊन म्हणाला, "सांगितलं त्याला. नाय म्हणून. जरा चिडला. म्हटलं, घरचं काम हाय, देता येत नाय."

हरेशने मान हलवली. त्याला वाटलं होतं, आता आत कुठेतरी काहीतरी थांबेल, आपण ओट्यावर बसू, पूर्ण चहा पिऊ. तसं काही झालं नाही. हात परत खिशात गेले. कृष्णाबाईने चहा आणला, तो उभ्यानेच प्यायला.

"आता कशाला उभे?" ती म्हणाली. "झालं ना तुमचं?"

"झालं."

"मग गाडी इथं कशाला? घरी न्या की."

"मोटारसायकल आहे ना माझी."

"ती सुशील आणंल उद्या. गाडी न्या. आणि मला पण न्या वरशाला, चार दिवस राहते. तुमच्या घरात कोण झाडलोट करत असंल असं मला वाटत नाय." पिशवी तिने आधीच भरून ठेवली होती. "तीत दोघं बसावीत म्हणून एवढा खटाटोप केलात. मग बसू ना दोघं. मला कुठं कुणी बसवलं कधी तीत! सुरभी म्हणायची, आई, केस उडतील. म्हटलं, राहिलेत कुठं गो उडायला?"

हरेशकडे लायसन्स होतं, सुरभीनेच काढायला लावलेलं. अल्टो तो चालवायचा. पण या गाडीच्या उजव्या सीटवर तो कधी बसला नव्हता. गाडी आली तेव्हापासून त्याची जागा डावी होती, नाहीतर मागे मोटारसायकलवर.

त्याने सीट मागे ढकलली. ती अडकली होती. दोनदा जोर लावल्यावर कुरकुरत मागे गेली. तो आत बसला तेव्हा गुडघे स्टिअरिंगला टेकले. कृष्णाबाईने नऊवारीचा काष्टा सावरला, पदर डोक्यावरून घेऊन घट्ट खोचला आणि सुशीलचा हात धरून डावीकडे बसली. "एवढ्या खाली?" म्हणाली. "ढुंगण रस्त्याला लागंल."

"नाय लागत आई," सुशील म्हणाला. "धरून बस."

गाडी निघाली. गल्लीतून बाहेर, बाजारातून बाहेर, मोठ्या रस्त्यावर. लोक बघत होते. कृष्णाबाई कुणाकडे बघत नव्हती, समोर बघत होती, दोन्ही हात पिशवीवर.

वडखळच्या अलीकडचा गतिरोधक आला. हरेशने ब्रेक लावला, सोडला. गाडी उडाली आणि बसली.

खर्रर्र.

"काय वाजलं?" कृष्णाबाई म्हणाली.

हरेशने गाडी कडेला घेतली. उतरला. डावीकडे गेला, वाकला, हात आत घातला. टायर कोरडा आणि गार होता, कुठे काही लागलं नव्हतं. मग उजवीकडे आला. उजव्या मागच्या टायरवर ताजी चकचकीत रेघ होती आणि मडगार्डच्या कडेला काळा भुगा. ही कड कुणी कापली नव्हती. हिला कुणी हातही लावला नव्हता. या बाजूला सुरभी बसायची, आणि तिच्या वजनाला चाक कधी टेकलंच नव्हतं. गेले काही दिवस सगळ्यांनी मिळून ज्या बाजूचं काम केलं त्या बाजूला आता तो बसणार नव्हता.

तो तिथेच रस्त्याच्या कडेला मातीत बसला. ट्रक जात होते. कृष्णाबाई मान वळवून बघत होती.

"बिघडली?"

"नाही आई. घासतंय. दुसरीकडे."

"कुणामुळे? माझ्यामुळे?"

"माझ्यामुळे."

त्याने सुशीलला फोन लावला. शब्द दिला होता, तेव्हा सांगायला हवं होतं.

"सुशील, घासली."

"कुठलं? डावं?"

"उजवं. मागचं."

"उजवं कधी घासत नव्हतं."

"तिच्या वजनाला घासत नव्हतं. आता मी बसलोय तिथे."

"मग काय करू?" सुशील म्हणाला. "त्या माणसाला परत फोन करू? शब्द तुमचा होता."

"माझाच होता."

"करू?"

हरेश उठला. पँटची माती झटकली. डाव्या सीटवर सासू पिशवी धरून बसली होती आणि पदर सुटून तिचे थोडेसे पांढरे केस खरंच उडत होते. "नको करू," तो म्हणाला. "शब्द मोडला म्हण. तुला जे बोलायचं ते बोल मला, उद्या येशील तेव्हा."

"मी काय बोलणार," सुशील म्हणाला. "गोण्या काढून ठेवतो परत. शाडू कालवून ठेवतो."

हरेशने फोन खिशात टाकला आणि गाडीत बसला. नागोठण्यापर्यंत प्रत्येक गतिरोधकावर तो जवळजवळ थांबून, सुशीलसारखी, गणपती नेल्यासारखी गाडी काढत होता. कृष्णाबाई म्हणाली, "चालवा की जरा. ती अशी नव्हती चालवत." पण त्याला जमलं नाही.

डावीकडचं काम पुरं झालं आहे, रंग सोडून. उजवीकडचं मडगार्ड अजून कापायचं आहे.